रोममध्ये सिनेमातली फ्रेम जुळवताना

‘रोमन हॉलिडे’ (१९५३) जिथे चित्रित झाला त्या जागा बघायच्या असतील, तर निघण्याआधी सिनेमा पॉज करून हव्या त्या प्रसंगांचे स्क्रीनशॉट मोबाइलमध्ये ठेवा. नुसता पत्ता पुरत नाही, कॅमेरा कुठे उभा होता तेही कळायला हवं.

जागेवर गेलात की चित्रातली एक जवळची आणि एक लांबची वस्तू पकडा. समजा, कठड्याचं टोक आणि मागचा चर्चचा मनोरा. दोन्ही एकमेकांच्या तुलनेत चित्रासारखे दिसेपर्यंत पुढे-मागे, डावी-उजवीकडे सरका. झूम त्यानंतर. आधीच झूम केलंत की घोळ झालाच म्हणून समजा. फोटोच्या रुंदी-उंचीचं प्रमाण ४:३ ठेवा, त्या काळच्या चौकटीशी ते जवळपास जुळतं. ‘ला दोल्चे व्हिता’ (१९६०) हा सिनेमा मात्र रुंद पडद्याचा, त्यामुळे त्यातल्या त्रेवी कारंज्याचा फोटो नंतर वरून-खालून कापावा लागेल.

स्पॅनिश पायऱ्यांचं तोंड पश्चिमेकडे. सकाळी गर्दी नसते, पण सूर्य पायऱ्यांच्या मागे असतो. छान उजेड दुपारनंतरच. ‘रोमन हॉलिडे’च्या नायिकेसारखं तिथे आइस्क्रीम खात बसायचा मोह मात्र आवरा. २०१९ पासून बसायला बंदी आहे आणि दंड चांगलाच सणसणीत! त्याच सिनेमातला ‘सत्याचं मुख’ हा दगडी मुखवटा सांता मारिया इन कॉस्मेदिन चर्चच्या ओसरीत आहे. तिथे रांग असते, म्हणून मोबाइलची सगळी सेटिंग रांगेतच करून ठेवा.