घडीच्या चाकूला दगडाची किंवा जीवाश्माची मूठ बसवताना

दगड मुठीला देखणेपण देतो, भार पेलत नाही. पिव्होटचा (पातं ज्यावर फिरतं त्या खिळ्याचा) ताण, स्क्रूची पकड, क्लिपची ओढ, लॉकचा दाब हे सगळं धातूवरच पडलं पाहिजे. म्हणून पहिल्याच कामाला पूर्ण पाटी, म्हणजे मुठीची एक अख्खी बाजू, बदलायला घेऊ नका. टायटॅनियमच्या किंवा स्टीलच्या मुठीत उथळ खोबण असलेला चाकू निवडा आणि दगड त्या खोबणीत बसवा. चारी बाजूंनी धातूची कड असल्यामुळे चाकू हातातून पडला तरी दगडाचे कोपरे सहसा वाचतात. पूर्ण पाटीच हवी असेल, तर दगडाच्या मागे ०.८ मिमी जी-१०चा (काचतंतू आणि इपॉक्सीच्या टणक पत्र्याचा) थर चिकटवून एकूण जाडी ३ मिमीच्या आसपास ठेवा.

सामान घेताना कठीणपणा आधी बघा, रंग नंतर. अकीक, जास्पर, अश्मीभूत लाकूड आणि गारगोटी भरलेलं डायनासोरचं हाड मोह्ज मापावर (खनिजांच्या कठीणपणाचं १ ते १० माप) ६.५ ते ७ भरतात. कानस त्यांच्यावर नुसती घसरते, हिऱ्याची हत्यारंच लागतात. लाजवर्द आणि पिरोजा ५ ते ६, तर मॅलाकाइट जेमतेम ४. मॅमथचा (नामशेष झालेल्या केसाळ हत्तीचा) सुळा याहून मऊ आणि कापायला सोपा, पण उष्णता आणि हवेतल्या ओलाव्याच्या चढउताराने तो तडकतो. मॅमथची दाढ रेझिन मुरवलेली असेल तरच घ्या, नाहीतर कापतानाच तिचे पापुद्रे सुटतात.

सुळा खरोखर मॅमथचा आहे का, हे त्याच्या आडव्या कापावर कळतं. बाहेरच्या भागात एकमेकींना छेदणाऱ्या बारीक रेषा दिसतात. त्यांचे कोन ९० अंशांच्या आत असतील तर मॅमथ, ११५च्या वर असतील तर हत्ती. विक्रेत्याकडून लेखी माहितीही घ्या. अमेरिकेत न्यूयॉर्क, न्यू जर्सी आणि कॅलिफोर्निया या राज्यांत मॅमथच्या सुळ्याच्या विक्रीवरही निर्बंध आहेत. डायनासोरचं हाडही खाजगी जमिनीवरचंच असावं. तिथल्या संघीय सरकारी जमिनीवरून ते विक्रीसाठी उचलता येत नाही.

तुकड्यातली चीर शोधायला त्यावर अल्कोहोल पुसा आणि तिरप्या उजेडात धरा. बाकीचा पृष्ठभाग सुकतो तेव्हा चिरेत मुरलेलं अल्कोहोल काही क्षण गडद रेघ होऊन राहतं. ती रेघ स्क्रूच्या भोकाजवळून किंवा अरुंद टोकातून जात असेल, तर तो तुकडा बाजूला ठेवा. बाकी ठिकाणची केसासारखी चीर पातळ सायनोअॅक्रिलेटने (सुपरग्लूने) भरून निघते.

आता चाकू पूर्ण खोला, स्क्रू कुठला कुठे याचा फोटो काढा आणि पात्याला जाड टेप गुंडाळा. खोबण १.५ ते २ मिमी खोल हवी. तिच्या आकाराचा पुठ्ठा कापून तो दगडावर आखा, रेषेच्या १ मिमी बाहेरून हिऱ्याच्या पात्याने कापा आणि उरलेलं घासून माप गाठा. चारी बाजूंनी ०.०५ ते ०.१ मिमी फट राहू द्या. दगड दाबून बसवावा लागत असेल तर तो अजून मोठाच आहे. घट्ट बसलेला तुकडा धातू तापून किंचित फुगला-आकसला तरी कडेला टवका देतो.

हे सगळं ओलं करा. सिलिकाची धूळ फुप्फुसं कायमची निकामी करते आणि मॅलाकाइटच्या धुळीत तांबं असतं. पाण्यासोबत पी-१०० (अगदी बारीक धूळ अडवणाऱ्या) फिल्टरचा मास्कही लावाच. सुळ्याला मात्र पाणी कमी, फक्त धूळ दबण्यापुरतं, आणि दर थोड्या वेळाने कोरडं पुसायचं. तुकडा बोटाला गरम लागला की थांबा.

चिकटवण्याआधी दगडाची मागची बाजू आणि खोबणीचा तळ १२० ग्रिटच्या पॉलिश पेपरने (ग्रिटचा आकडा लहान तितका कागद खरखरीत) खरवडा आणि अॅसिटोनने पुसा. त्यानंतर तिथे बोट लागू देऊ नका. २४ तासांत सुकणारी इपॉक्सी वापरा. पाच मिनिटांची इपॉक्सी पुढे धक्क्याने सुटते. अकीकसारख्या अर्धपारदर्शक दगडातून गोंदाचे बुडबुडे दिसतात, तेव्हा इपॉक्सीत काळा रंग कालवा. क्लॅम्प हलकाच आवळा. जोर लावला तर गोंद सगळा बाहेर येतो आणि सांधा कोरडा राहतो. दगड धातूच्या ०.३ मिमी वर राहिला पाहिजे, म्हणजे पुढे घासून तो धातूच्या पातळीला आणता येतो.

पूर्ण पाटीत भोक पाडायचं असेल तर हिऱ्याची पोकळ बिट, मंद वेग आणि पाणी. अर्धं एका बाजूने, अर्धं दुसऱ्या. भोकात धातूची बुश (छोटी नळी) घाला, म्हणजे स्क्रूचं डोकं दगडावर न टेकता बुशवर टेकतं. बहुतेक पाट्या इथेच तडकतात.

घासताना २२०, ६००, १२००, ३००० असा क्रम ठेवा आणि आधीच्या ग्रिटचे ओरखडे पूर्ण गेल्याशिवाय पुढे जाऊ नका. मॅमथच्या दाढेत दंतवल्क कठीण आणि मधले थर मऊ असतात. कागद बोटाखाली किंवा स्पंजावर धरून घासलं की मऊ थर खोल जातात आणि बोट फिरवल्यावर लाटा लागतात. म्हणून हिऱ्याची पूड बसवलेली घासायची सपाट प्लेटच वापरा. अकीक-जास्परला शेवटची चकाकी सीरियम ऑक्साइडची (पॉलिशची) पूड पाण्यात कालवून चामड्यावर येते. सुळ्याला पांढरं पॉलिश लावा, हिरवं त्याच्या बारीक भेगांत अडकतं. बफ (पॉलिशचं फिरतं कापडी चाक) एका जागी टेकवून ठेवलात तर खालची इपॉक्सी तापून मऊ पडते आणि कड उचलते.

जोडताना स्क्रूची लांबी आधी मोजा. पाटी पातळ झाली असेल तर जुना स्क्रू आत येऊन पात्याला घासतो. जाड झाली असेल तर त्याचे जेमतेम दोन आटे पकडतात. पिव्होटच्या आट्यांना निळ्या थ्रेडलॉकरचा (स्क्रू सैल होऊ न देणाऱ्या गोंदाचा) एक थेंब पुरे, तो वॉशरपर्यंत जाऊ देऊ नका. चाकू बंद-उघड करून लॉक पूर्वीइतकाच बसतो का ते बघा. सुळ्याच्या मुठीचा चाकू उन्हात तापलेल्या गाडीत ठेवू नका आणि अधूनमधून तिला मिनरल ऑइलचा हात फिरवा.