गावात राहून नको असलेला माणूस ब्लॉक कसा करायचा

कापूस वेचणीचे दिवस होते. बचत गटाची मीटिंग संपली, सगळ्या उठल्या, पण एक वहिनी चटई आवरायच्या निमित्तानं मागं राहिली. मग पदराआडून फोन काढला. "ताई, हा मानूस रोज पहाटे गुलाबाचं फूल पाठवते. मले त याचं नावबी माहीत नाही. घरच्यायनं पाह्यलं त काय म्हनतीन?" भीतीनं तिनं आदल्या दिवसापर्यंतचे सगळे मेसेज डिलीट करून टाकले होते. फूल मात्र सकाळी पुन्हा आलंच होतं.

यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या गावात गटाचा हिशेब मी लिहिते, आणि त्यासोबत फोनची अशी कामंही माझ्याकडेच येतात. मेन्यूतली नावं इथं इंग्रजीच सांगते, कारण इकडे बहुतेकींच्या फोनमध्ये तीच दिसतात.

ब्लॉकच्या आधी स्क्रीनशॉट

पॉवरचं आणि आवाज कमी करायचं बटण एकदम दाबलं की बहुतेक फोनमध्ये स्क्रीनशॉट निघतो. त्यात मेसेजची तारीख आणि वेळ दिसली पाहिजे. एक स्क्रीनशॉट नावावर टॅप करून घ्या, म्हणजे पूर्ण नंबर येतो. फेसबुक-इन्स्टाग्रामवर माणूस नाव बदलून मोकळा होतो, म्हणून त्याच्या प्रोफाइलची लिंकही कॉपी करून ठेवा.

माणूस अनोळखी असेल तर उत्तर अजिबात देऊ नका. "कोण आहे?" एवढं विचारलं तरी नंबर चालू आहे हे त्याला कळतं. पण ओळखीचा माणूस पिच्छा पुरवत असेल तर ब्लॉक करण्याआधी एक ओळ जरूर लिहा: "मला मेसेज किंवा फोन करू नका." त्याचाही स्क्रीनशॉट घ्या. हे का, ते पुढं येईल.

व्हॉट्सअ‍ॅप

१. चॅट उघडा आणि वरच्या नावावर टॅप करा.
२. अगदी तळाशी जा. तिथं लाल अक्षरात 'ब्लॉक' आहे.
३. 'रिपोर्ट'चा पर्याय दिसेल. फसवणूक किंवा घाण मेसेज असतील तर तोही निवडा, त्या माणसाचे शेवटचे ५ मेसेज व्हॉट्सअ‍ॅपकडे जातात. चॅट डिलीट करायचं विचारलं तर पुरावा काढून झालाय ना, हे आधी पाहा.

त्याला "तुम्हाला ब्लॉक केलं" असा मेसेज जात नाही. त्याचे मेसेज एकाच टिकवर अडकतात, तुमचं लास्ट सीन, स्टेटस, नवा फोटो त्याला दिसत नाही. हुशार असेल तर दोन दिवसांत ओळखतो. आमच्याकडे तर तो पारावर विचारतोसुद्धा, "कावून, ब्लॉक मारला का मले?" तेव्हा उत्तर तयार ठेवा.

गावाची खरी गोची पुढं आहे. तो आणि तुम्ही एकाच ग्रुपमध्ये असाल, आणि ग्रामपंचायत, शाळा, भजनी मंडळ, लग्नाचं वऱ्हाड असं काही ना काही असतंच, तर ग्रुपवर तुमचे मेसेज त्याला आणि त्याचे तुम्हाला दिसत राहतात. ग्रुपला ब्लॉक लागू होत नाही. म्हणून ग्रुपवर फोटो टाकताना तो तिथं आहे हे लक्षात असू द्या. नव्या ग्रुपात परस्पर ओढून घेऊ नये म्हणून सेटिंग्ज, प्रायव्हसी, ग्रुप्स इथं जाऊन 'माय कॉन्टॅक्ट्स' निवडा. त्याचा नंबर सेव्ह असेल तर 'माय कॉन्टॅक्ट्स एक्सेप्ट' निवडून त्याला वगळा. अनोळखी व्हॉट्सअ‍ॅप कॉल गप्प करायला प्रायव्हसीतच 'कॉल्स'मध्ये 'सायलेन्स अननोन कॉलर्स' आहे.

व्हॉट्सअ‍ॅपवर ब्लॉक केलं तरी साधा फोन आणि एसएमएस येतच राहतो. त्यासाठी फोनच्या कॉल यादीत तो नंबर दाबून धरा आणि तिथंही ब्लॉक करा. ही दुसरी पायरी दहातल्या नऊजणी विसरतात, मीही विसरले होते.

सगळ्यांनाच ब्लॉक करू नका

आमच्या एका काकूंनी कृषी सेवा केंद्राचा नंबर ब्लॉक केला, कारण तिथून रोज देवाचे फोटो यायचे. घरात फोन एकच. पेरणीच्या तोंडावर काकांना हवं ते बियाणं आल्याचा मेसेज दुकानदारानं टाकला, तो पोचलाच नाही. नंतर अनब्लॉक केलं, पण ब्लॉक असतानाचे मेसेज मागाहून येत नाहीत. काका आठवडाभर कुरकुरले.

अशांना 'म्यूट' करा, म्हणजे मेसेज आला तरी आवाज होत नाही, किंवा चॅट 'अर्काइव्ह'मध्ये टाका, म्हणजे ती मुख्य यादीतून बाजूला जाते. नात्यातल्या माणसासाठी इन्स्टाग्रामवर 'रिस्ट्रिक्ट' आहे. त्याची कमेंट त्याची त्यालाच दिसते, मेसेज वेगळ्या खान्यात जातो, तुम्ही वाचला की नाही तेही कळत नाही. फेसबुकवर 'अनफॉलो' करा, मित्रयादीत नाव राहतं आणि पोस्ट दिसत नाहीत. पुढच्या लग्नात त्याच्याच शेजारी पंगतीला बसायचं असतं.

फेसबुक आणि इन्स्टाग्राम

दोन्हीकडे प्रोफाइल उघडून तीन टिंबं, मग 'ब्लॉक'. इन्स्टाग्राम त्याची इतर खातीही ब्लॉक करू का विचारतं, तेच निवडा. फेसबुकवर ब्लॉक केलं की मेसेंजरही बंद होतं. पण नुसतं मेसेंजरवर ब्लॉक केलं तर तुमची प्रोफाइल त्याला दिसतच राहते. आणि दया येऊन फेसबुकवर अनब्लॉक केलं तर पुन्हा ब्लॉक करायला ४८ तास थांबावं लागतं. २०२० पासून भारतात फेसबुकवर 'लॉक प्रोफाइल'ची सोय आहे, म्हणजे फोटो-पोस्ट फक्त मित्रयादीतल्यांनाच दिसतात, ती प्रत्येकीनं लावावी असं माझं मत.

ब्लॉकनं भागत नाही तेव्हा

पीएम किसानच्या नावानं एपीके फाइल (फोनमध्ये थेट अ‍ॅप टाकणारी फाइल) आली आणि ती इन्स्टॉल झाली असेल, तर नंबर ब्लॉक करून उपयोग नाही. आधी नेट बंद करा, ते अ‍ॅप काढा, बँकेला कळवा. पैसे गेले असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा, जितका उशीर तितके पैसे पुढं सरकतात.

धमकी, फोटो पसरवणं, नवनव्या नंबरांवरून छळ हे सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या सरकारी पोर्टलवर नोंदवता येतं. बायका-मुलांविरुद्धच्या काही गुन्ह्यांची तक्रार तिथं नाव न देताही करता येते. जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ नुसार, बाईनं नको म्हणून स्पष्ट सांगितल्यावरही पुन्हा पुन्हा संपर्क करणं हा पाठलागाचा गुन्हा आहे. ती एक ओळ इथं कामी येते. असं प्रकरण तंटामुक्तीच्या बैठकीत "समजावून सांगू पोराले" म्हणत मिटवायला मी तरी कोणाला सांगणार नाही. बैठक संपायच्या आत सगळ्या गावाला बाईचं नाव पाठ होतं. स्क्रीनशॉट घ्या आणि ठाण्यात जा, सोबत घरचं नाहीतर गटातलं कोणी असू द्या.

वहिनीला तिसऱ्या दिवशी दुसऱ्या नंबरावरून तेच फूल आलं. तो नंबरही ब्लॉक केला, पण यावेळी आधी स्क्रीनशॉट घेतले आणि नवऱ्याला दाखवले. मग नंबर बाहेर गेला कुठून यावर डोकं लावलं. बाजाराच्या दिवशी ती एका दुकानात रिचार्ज मारायची, आणि काउंटरवरच्या उघड्या वहीत स्वतःच्या हातानं नंबर लिहायची. तिथूनच गेला असं छातीठोक सांगता येत नाही. आता तिचं रिचार्ज तिचा पोरगा घरूनच मारतो.