अमेरिकेत फेडरल गुन्ह्याचा आरोप आला, तर वकील कसा नेमावा

‘शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये’ हे आपण लहानपणापासून ऐकत आलोय. त्यामुळे एडिसनमध्ये किंवा फ्रीमाँटमध्ये राहणाऱ्या मराठी माणसाच्या दारात एफबीआय या केंद्रीय तपास संस्थेचे दोन एजंट उभे राहिले की त्याला वाटतं, सगळं नीट समजावून सांगू, प्रकरण इथंच मिटेल, वकिलापर्यंत जायची वेळच यायची नाही. मग त्यांना आत बोलावलं जातं, पाणी विचारलं जातं, आणि तास-दीड तास बोलणं होतं. त्या बोलण्याचं टिपण पुढे सरकारी वकिलाच्या फायलीत जाऊन बसतं.

फेडरल, म्हणजे राज्याच्या नव्हे तर अमेरिकेच्या केंद्रीय कायद्याखालच्या, गुन्ह्यात अडकू शकणाऱ्या अशा माणसासाठी हा लेख आहे, आणि पुण्या-नाशकात बसून त्याच्यासाठी फोन फिरवणाऱ्या घरच्यांसाठीही.

वकील मिळेपर्यंत

एजंट आले तर नम्रपणे एवढंच म्हणा: ‘मला आधी वकिलाशी बोलायचंय. त्याशिवाय मी काही सांगणार नाही.’ त्यांचं कार्ड मागून घ्या. झडतीचं वॉरंट असेल तर अडवू नका, त्याची प्रत घ्या आणि शांत राहा. गप्प राहणं हा गुन्हा नाही. फेडरल एजंटला महत्त्वाच्या मुद्द्यावर जाणूनबुजून खोटं सांगणं मात्र स्वतंत्र गुन्हा आहे, शपथ घेतलेली नसली तरी, आणि त्याला पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. मूळ आरोप टिकला नाही तरी घाबरून सांगितलेली एक थाप माणसाला अडकवू शकते. सिनेमात दाखवतात तशी, गप्प राहण्याच्या आणि वकिलाच्या हक्कांची सूचना फक्त ताब्यात घेऊन चौकशी करताना द्यावी लागते. तुमच्याच सोफ्यावर बसून विचारपूस चालली असेल तर ती देण्याचं बंधन त्यांच्यावर नाही.

दुसरी गोष्ट फोनची. व्हॉट्सअ‍ॅप संदेश, ईमेल, एक्सेलच्या फाइल यातलं काहीही पुसू नका. तपासात अडथळा यावा म्हणून नोंदी नष्ट केल्या तर वीस वर्षांपर्यंत शिक्षेची तरतूद आहे. भावाला, मित्राला, मंडळातल्या काकांना ‘नेमकं काय झालं’ ते सविस्तर सांगत बसू नका. त्यांना साक्षीला बोलावता येतं. वकिलाशी झालेलं बोलणं गोपनीय असतं, त्यांच्याशी झालेलं नसतं.

आपण कुठे उभे आहोत, ते ओळखा

हातात आलेला कागद कोणता, हे पहिल्या वकिलाला पहिल्याच फोनवर सांगता आलं पाहिजे. ‘टार्गेट लेटर’ म्हणजे सरकारी वकिलांचा रोख तुमच्यावर आहे. ग्रँड ज्युरीचं, म्हणजे आरोप ठेवायचा की नाही ते ठरवणाऱ्या नागरिकांच्या मंडळाचं, समन्स साक्षीदारालाही येतं आणि संशयितालाही. ‘इंडाइटमेंट’ म्हणजे १६ ते २३ नागरिकांच्या ग्रँड ज्युरीतल्या किमान १२ जणांनी आरोपपत्राला मान्यता दिली आहे.

आपल्याकडच्या अटकपूर्व जामिनासारखी सोय इथे नाही. तरीही आरोपपत्र येण्याआधी चांगला वकील बरंच काही करू शकतो: सरकारी वकिलाशी बोलून रोख समजून घेणं, कागदपत्रं मांडणं, अटकेऐवजी स्वतः हजर होण्याची वेळ ठरवून घेणं. म्हणून पत्र आल्यावर ‘बघू पुढच्या आठवड्यात’ म्हणू नका.

कोणता वकील

सगळ्यात जास्त चूक इथे होते. तुमचं एच-१बी व्हिसाचं काम पाहणारा वकील, घराच्या खरेदीचे कागद करणारा वकील, दारू पिऊन गाडी चालवल्याच्या केस लढवणारा वकील, हे आपापल्या कामात उत्तम असतील. फेडरल फौजदारी खटला हा वेगळा पेशा आहे. देशात ९४ फेडरल डिस्ट्रिक्ट, म्हणजे न्यायालयीन विभाग आहेत. न्यू जर्सी हे पूर्ण राज्य एकच डिस्ट्रिक्ट आहे, नेवार्क, ट्रेंटन आणि कॅम्डेन इथे त्याची न्यायालयं आहेत. कॅलिफोर्निया आणि टेक्सासमध्ये प्रत्येकी चार डिस्ट्रिक्ट आहेत. जिथे खटला आहे त्याच डिस्ट्रिक्टमध्ये नेहमी उभा राहणारा वकील शोधा. तिथले न्यायाधीश आणि सरकारी वकिलांची कामाची पद्धत त्याला ठाऊक असते.

फेडरल न्यायालयात दोषी ठरणाऱ्यांपैकी बहुतेकांच्या बाबतीत ज्युरीपुढे खटला चालतच नाही. दहापैकी जवळपास नऊ आरोपी गुन्हा कबूल करतात. मग सगळा प्रश्न उरतो तो शिक्षा किती याचा. ती ठरवताना एक तक्ता वापरतात: गुन्ह्याच्या ४३ पातळ्या आणि पूर्वेतिहासाचे सहा वर्ग. फसवणुकीच्या प्रकरणात नुकसानीचा आकडा जसा वाढतो, तशी पातळी चढते. २००५ पासून हा तक्ता न्यायाधीशांवर बंधनकारक नाही, पण मोजणी तिथूनच सुरू होते. १ नोव्हेंबर १९८७ नंतरच्या फेडरल गुन्ह्यांना पॅरोल, म्हणजे शिक्षा संपण्याआधी अटींवर सुटका, नाही; चांगल्या वर्तणुकीबद्दल वर्षाला जास्तीत जास्त ५४ दिवसांची सूट मिळते. त्यामुळे नुकसानीचा आकडा वीस लाख डॉलर की दोन लाख, यावर हिशोबतपासनीस घेऊन झगडणारा वकील तुमच्या आयुष्याची काही वर्षं वाचवू शकतो. ज्युरीपुढे गाजणारं वक्तृत्व त्याच्यामानाने क्वचितच कामी येतं.

माजी सरकारी वकील घ्यावा का, असं लोक विचारतात. दुसऱ्या बाजूची आतली पद्धत त्याला माहीत असते, हे खरं. पण ती नोकरी सोडून त्यानं बचावाचं काम किती वर्षं केलंय, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं.

पारख कशी करावी

किमान तिघांना भेटा, वेळ असेल तर. राज्यात वकिलांना परवाना देणाऱ्या संस्थेच्या संकेतस्थळावर नाव टाकून परवाना चालू आहे का आणि शिस्तभंगाची कारवाई झाली आहे का, ते पाहा. मग वकिलाकडूनच त्या डिस्ट्रिक्टमधल्या अलीकडच्या चार-पाच खटल्यांचे क्रमांक मागा आणि ‘पेसर’ या फेडरल न्यायालयांच्या सार्वजनिक प्रणालीवर उघडा. पानाला दहा सेंट पडतात आणि तिमाहीत तीस डॉलरपर्यंतचं शुल्क माफ असतं, म्हणजे हा अभ्यास जवळजवळ फुकट होतो. त्यानं कोणते अर्ज केले, शिक्षेच्या वेळी काय लिहून दिलं, ते तुमच्या डोळ्यांसमोर येतं. आपण घरासाठी प्लंबर निवडताना शंभर अभिप्राय वाचतो. इथे तर मूळ कागदच वाचायला मिळतात.

समोर बसल्यावर थेट विचारा. गेल्या पाच वर्षांत या डिस्ट्रिक्टमध्ये माझ्यासारख्या किती केस केल्या? न्यायालयात तुम्ही स्वतः उभे राहणार, की ऑफिसातले कनिष्ठ? माझ्या प्रकरणात तक्त्याप्रमाणे वाईटात वाईट काय होऊ शकतं? शेवटच्या प्रश्नावर जो गोड गोड बोलतो आणि ‘काळजी करू नका, मी सोडवतो’ अशी हमी देतो, त्याच्याकडून उठून या.

इंग्रजीत सगळं नीट समजत नसेल तर संकोच करू नका. न्यायालयात दुभाषा मागता येतो. वकिलाच्या भेटीत मात्र भावाला किंवा मित्राला दुभाषा म्हणून बसवू नका, त्यानं गोपनीयता धोक्यात येऊ शकते; वकिलालाच दुभाषा आणायला सांगा.

तो नेमका कोणाचा वकील आहे?

आयटीतल्या आपल्या मुलांना हे कळकळीनं सांगावंसं वाटतं. चौकशी सुरू झाली की कंपनीचा वकील तुम्हाला खोलीत बोलावतो, आपुलकीनं बोलतो. तो कंपनीचा वकील असतो. तुम्ही त्याला सांगितलेलं गुपित कंपनीच्या मालकीचं असतं, आणि कंपनीला वाटलं तर ती ते सरकारला देऊ शकते. १९८१ च्या एका निकालावरून अशा भेटीच्या सुरुवातीला ‘मी कंपनीचा वकील आहे, तुमचा नाही’ असं सांगणारी ‘अपजॉन सूचना’ देतात. ती कानावर पडली की थांबा आणि स्वतःचा वकील मागा. तसंच दोन भागीदारांनी किंवा नवरा-बायकोनं खर्च वाचवायला एकच वकील घेऊ नये. एकाच्या सुटकेचा रस्ता दुसऱ्याविरुद्धच्या साक्षीतून जाऊ शकतो.

पैसे

ठरावीक रक्कम किंवा तासाचा दर, अशा दोन पद्धती असतात. ‘निकाल चांगला लागला तर इतके’ असा करार फौजदारी खटल्यात नियमबाह्य आहे. करार लेखी घ्या. त्यात खटला ज्युरीपुढे गेला तर वेगळी रक्कम किती, तज्ज्ञांचा खर्च कोणाचा, अपील धरलंय का, आणि उरलेले पैसे परत मिळतील का, हे स्पष्ट हवं. पैसे स्वच्छ असले पाहिजेत: गुन्ह्यातून आलेला म्हणून सरकार ज्यावर दावा सांगतंय, तो पैसा फी म्हणून दिला तरी जप्त होऊ शकतो. दहा हजार डॉलरपेक्षा जास्त रोख दिली तर वकिलाला ते सरकारला कळवावं लागतं.

फी भारतातून पाठवायची असेल, तर हे लक्षात ठेवा. रिझर्व्ह बँकेच्या योजनेप्रमाणे एका निवासी व्यक्तीला एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंत रक्कम पाठवता येते. बँक कारण विचारेल, तेव्हा वकिलाच्या कराराची प्रत जवळ ठेवा. आणि पैसे घरच्यांनी दिले म्हणून केसची गुपितं त्यांना कळतील, असं नाही. वकिलाची निष्ठा आरोपीशी असते, आणि ते त्याच्याच हिताचं आहे.

पैसे नसतील तर? आपल्या लोकांना ‘सरकारनं दिलेला वकील’ म्हटलं की कमीपणा वाटतो. इथे तो समज सोडून द्या. फेडरल पब्लिक डिफेंडरच्या कार्यालयातले वकील वर्षानुवर्षं फक्त फेडरल खटलेच लढवतात, आणि महागड्या पण अननुभवी वकिलापेक्षा मी त्यांना केव्हाही वरचं स्थान देईन. १९६४ च्या कायद्यानुसार ही सोय आहे. उत्पन्न आणि मालमत्तेचं विवरण शपथेवर द्यावं लागतं, त्यात गावाकडच्या शेताची आणि फ्लॅटचीही नोंद करा. अमुकच वकील हवा असं मात्र मागता येत नाही.

व्हिसा आणि ग्रीन कार्ड

नागरिक नसाल तर हा भाग शिक्षेइतकाच मोठा आहे. फसवणुकीच्या गुन्ह्यात नुकसान दहा हजार डॉलरपेक्षा जास्त असेल तर तो स्थलांतर कायद्यात ‘अ‍ॅग्रव्हेटेड फेलनी’, म्हणजे गंभीर वर्गातला गुन्हा ठरतो, एक दिवसही तुरुंगवास झाला नाही तरी. मग वीस वर्षं ग्रीन कार्डवर राहिलेल्या माणसालाही हद्दपारीतून सुटायचे बहुतेक मार्ग बंद होतात. गुन्हा कबूल करताना सरकारी वकिलाशी होणाऱ्या करारात लिहिलेला आकडा इथे निर्णायक ठरू शकतो. हद्दपारीच्या परिणामांबद्दल आरोपीला सल्ला देणं ही वकिलाची जबाबदारी आहे, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१० साली ठरवलं आहे. तरी माझा आग्रह असा, की गुन्हेगारी आणि स्थलांतर दोन्ही जाणणारा दुसरा वकील जोडून घ्या, आणि त्यानं मसुदा वाचल्याशिवाय सही करू नका.

अटक झाली असेल तर

तुरुंगातले फोन रेकॉर्ड होतात. मराठीत बोललात म्हणून सुटका नाही, भाषांतर करून घेतात. घरच्यांनी फोनवर फक्त तब्येत, औषधं आणि वकिलाचं नाव एवढंच बोलावं. पहिल्या हजेरीनंतर सरकार जामिनाच्या सुनावणीसाठी तीन दिवसांपर्यंत मुदत मागू शकतं. भारतात घर आणि पासपोर्ट असणारा माणूस पळून जाईल, हा युक्तिवाद ठरलेलाच असतो. तेवढ्या दिवसांत घरच्यांनी भाडेकरार, नोकरीची पत्रं, मुलांच्या शाळेचे कागद आणि अमेरिकेत राहणारे हमीदार गोळा करून वकिलाच्या हाती द्यावेत. भारतीय वकिलातीला, म्हणजे दूतावासाला कळवा, असं आरोपीनं स्वतः सांगावं. भारतीयांच्या बाबतीत मागणी केल्याशिवाय ते कळवण्याचं बंधन अमेरिकी अधिकाऱ्यांवर नाही. वकिलात खटला लढवत नाही, पण विचारपूस करते.

पटत नसेल तर वकील बदलता येतो. खटल्याच्या तोंडावर मात्र न्यायाधीश नकार देऊ शकतात, म्हणून शंका आली की लगेच बोला. शिक्षेचा निकाल नोंदला गेल्यापासून अपिलाची नोटीस द्यायला फक्त १४ दिवस मिळतात. ती नोटीस कोण दाखल करणार, हे पहिल्याच करारात लिहून घ्या.