सोळा चिंचोक्यांचा रुपया

"आमच्या वेळी चार आण्यात…" असं घरात कुणी सुरू केलं की मुलं उठून जातात, आणि बरोबरच करतात. नुसती जुनी किंमत ऐकून त्यांना एवढंच कळतं, की तेव्हा सगळं जवळपास फुकट होतं. लेकीच्या बाबतीत मीही हेच करून बसले होते. मग आजीची १९५६ सालची जमाखर्चाची वही काढली.

आधी सोळा चिंचोके घ्या. एक चिंचोका म्हणजे एक आणा, सोळांचा रुपया. चार बाजूला काढले की पावली, आठ काढले की अधेली. एका आण्याचे पैसे चार आणि पै बारा, म्हणजे रुपयाच्या १९२ पै. लेकीला तेवढे ठिपके वहीत काढायला लावले. शंभराच्या आसपास ती वैतागली. 'पै पै जोडणं' वेगळं समजावायची गरज उरली नाही.

मग १ एप्रिल १९५७. त्या दिवसापासून रुपयाचे शंभर नवे पैसे झाले आणि आण्याची पंचाईत झाली, कारण तो सव्वासहा पैशांचा! आणे नव्या पैशांत बदलायच्या तक्त्यात एका आण्याला ६, दोनला १२, तीनला १९ आणि चारला २५ नवे पैसे धरले. आता मुलांना विचारा, चार आणे एकेक करून मोडले तर? चोवीसच. मग एक पैसा गेला कुठे? आमच्याकडे यावर पाऊण तास भांडण झालं.

खरं काम पुढे आहे. वहीतल्या किमतींची आजच्या किमतींशी थेट तुलना करू नका, त्या कामाच्या वेळात मोजा. आजोबांचा पगार ८० रुपये, कामाचे दिवस २५. म्हणजे दिवसाला ५१ आणे, आठ तास धरले तर तासाला सहाच्या थोडे वर. एक आण्याचा चहा साधारण दहा मिनिटांचा झाला. सायकल २०० रुपयांची. "दोनशेलाच?" म्हणून लेक हसली होती. भागाकार केला तर साडेबासष्ट दिवस! तिची स्वतःची सायकल माझ्या पगारात चार दिवसांची निघाली, चहा तीन मिनिटांचा.

"मग तेव्हा स्वस्त काय होतं?" तिनं विचारलं. मला पटकन काही सुचलं नाही.

घरात अशी वही नसेल तर आजी-आजोबांना पहिला पगार विचारा. तो आकडा कुणी विसरत नाही. किमतींची मात्र सालं सरमिसळ होतात, म्हणून "हे लग्नाआधीचं की नंतरचं?" असं खोदून विचारा. वस्तू अशी निवडा जी तेव्हाही होती आणि आजही आहे: दूध, चप्पल, सायकल. सोनं घेऊ नका. सोन्याचा भाव निघाला की मोठी माणसं हिशेब ताब्यात घेतात आणि मुलं पुन्हा उठून जातात.