गर्भजल कमी असताना कळा आणणे: गोळी, जेल की फुगा?

सोनोग्राफीत एएफआय (गर्भजलाचे प्रमाण सांगणारा निर्देशांक) ५ सेंटिमीटर किंवा त्याहून कमी, अथवा पाण्याचा सर्वांत खोल कप्पा २ सेंटिमीटरपेक्षा कमी भरला, तर गर्भजल कमी मानतात. अशा वेळी कळेसरशी नाळ दाबली जाऊन बाळाचे ठोके घसरण्याचा धोका वाढतो, म्हणून कळा अंगावर एकामागून एक आदळवणारी पद्धत इथे अधिक जोखमीची ठरते.

प्रथम गर्भपिशवीचे तोंड तपासावे. ते कच्चे, म्हणजे अजून घट्ट व मिटलेले असल्यास मिसोप्रोस्टॉल ही कळा आणणारी गोळी स्वस्त पडते आणि २५ मायक्रोग्रॅमची मात्रा दर २ तासांनी तोंडावाटे देता येते. मात्र गिळलेली गोळी परत काढता येत नाही, आणि आधी सिझर झालेल्या बाईला ती देऊ नये. गर्भपिशवीचे तोंड मऊ करणाऱ्या डायनोप्रोस्टोन या औषधाचे ०.५ मिलिग्रॅमचे जेल फ्रिजमध्येच ठेवावे लागते.

माझा कल फोलीच्या फुग्याकडे, म्हणजे टोकाला फुगा असलेल्या रबरी नळीकडे आहे. नळी गर्भपिशवीच्या तोंडातून आत सरकवून फुग्यात ३० ते ६० मिलिलिटर निर्जंतुक पाणी भरतात, हलका ताण देऊन ती मांडीला चिकटवतात, आणि तोंड उघडले की फुगा आपोआप बाहेर येतो. कळांचा अतिरेक यात कमी होतो. पुढे कळा वाढवणाऱ्या ऑक्सिटोसिनचे सलाईन थेंबाथेंबाने वाढवावे, कारण ठोके घसरताच ते बंद करता येते.

गगनबावडा, राधानगरीकडून घाटरस्त्याने आलेल्या बाईला औषध देऊन घरी पाठवू नये. ठोक्यांवर सतत लक्ष आणि तातडीच्या सिझरची सोय असेल तिथेच, उदाहरणार्थ कोल्हापुरात सीपीआर या सरकारी रुग्णालयात, हे सुरू करावे.