हरिहरला जाताय? या चुका टाळा

नाशिक जिल्ह्यात त्र्यंबकजवळ असलेल्या हरिहर गडाच्या पायऱ्यांचा फोटो बघूनच बहुतेक जण तिथला बेत ठरवतात. तो फोटो हमखास खालून वर काढलेला असतो. त्याच पायऱ्यांच्या माथ्यावर उभं राहून खाली बघताना पोटात जो गोळा येतो, तो फोटोत येत नाही. गेली कित्येक वर्षं मी त्र्यंबकच्या डोंगरांत फिरतोय. लोक अडकतात ते बहुतेक उतरतानाच, हे मी इतक्यांदा पाहिलंय की नव्याने जाणाऱ्या प्रत्येकाला आधी तेच सांगतो.

उंची बघून फसू नका. कळसूबाई 5,400 फूट आणि हरिहर 3,676 फूट, त्यामुळे ‘हा तर सोपा’ असं अनेकांना वाटतं. दमछाक कळसूबाईला जास्त होते हे खरं, पण तिथे अवघड जागी लोखंडी शिड्या आहेत. इथे कातळात कोरलेल्या, जवळजवळ उभ्या पायऱ्या आणि हात अडकवायला खोबणी, एवढंच. 1818 मध्ये इंग्रजांनी या भागातले गड घेतले आणि बऱ्याच गडांच्या वाटा सुरुंगांनी उडवल्या. हरिहरच्या पायऱ्या तेवढ्या शाबूत राहिल्या. एका वेळी एकच माणूस वर यावा, अशा बेताने त्या कोरल्या आहेत. आज रविवारी त्याच वाटेवर शेकडो माणसं चढत-उतरत असतात.

म्हणून पहिली चूक म्हणजे रविवारी उशिरा पोहोचणं. नाशिकहून सात वाजता निघायचं, त्र्यंबकला मिसळ खायची आणि दहा-साडेदहाला पायथा गाठायचा, हा बेत ऐकायला छान वाटतो. पायऱ्यांपाशी पोचता तेव्हा वरून पहिली मंडळी उतरायला लागलेली असते आणि खालची चढायला. मग पायरीवरच खोळंबा. अंगठ्यावर तोल सांभाळत दहा मिनिटं उभं राहिलं की पोटऱ्या भरून येतात. शक्यतो आठवड्यातला मधला दिवस निवडा. रविवारच मिळत असेल तर पहाटे पाचला नाशिक सोडा. एवढं करूनही कोंडी झालीच, तर पायऱ्यांच्या खाली मोकळ्या जागेत थांबा. उतरणाऱ्यांना आधी येऊ द्या आणि वाट रिकामी झाल्यावर चढा.

दुसरी चूक सगळ्यात धोक्याची, आणि अगदी धडधाकट माणसंही ती करतात. पायऱ्या उतरताना दरीकडे तोंड करून, घरातला जिना उतरावा तसं उतरायला बघतात. टाच पायरीवर मावत नाही, पाठीवरची सॅक मागच्या कातळाला टेकते आणि माणूस पुढे ढकलला जातो. शिडी उतरतो तसं उतरा. तोंड कातळाकडे, दोन्ही हात खोबणीत, एक पाय खालच्या पायरीवर पक्का बसला की मगच दुसरा हलवायचा. खोबणीत बोटं घालण्याआधी आत नजर टाका. पावसाळ्यानंतर तिथे चिखलाचं पाणी साचलेलं असतं. बोटं ओली झाली की पुढची पकड सुटते. खिशात जुना रुमाल ठेवा आणि हात पुसूनच पुढची खोबण धरा.

मागच्या हिवाळ्यात माझी भाची वरच्या टप्प्याच्या पायऱ्यांवर थिजली. वर जाताना सगळ्यांच्या पुढे होती. उतरायला वळली, खाली पाहिलं आणि पाय लटलट कापायला लागले. अशा वेळी मागून चार जण ‘काही होत नाही, ये’ म्हणून ओरडतात, त्याने भीती आणखी वाढते. मी तिच्या दोन पायऱ्या खाली गेलो. तिला फक्त समोरच्या कातळाकडे बघायला सांगितलं आणि तिचा एकेक पाय हाताने धरून पायरीवर टेकवत गेलो. ‘आता डावा. टेकला. आता उजवा.’ दहा-बारा पायऱ्यांनंतर तिने स्वतःहून पाय टाकायला सुरुवात केली. सोबत कोणी घाबरलं तर अनुभवी माणसाने खालच्या बाजूला राहावं आणि बोलणाऱ्याने एकट्यानेच बोलावं. आणि भीती पहिल्या पाच पायऱ्यांवरच वाटली, तर तिथूनच मागे फिरा. वर पोचल्यावर उतरायची वाट तीच आहे.

सॅकबद्दलही सांगायला हवं. दरवाज्यातून पुढे गेलं की कड्याच्या पोटात कोरलेली आडवी वाट लागते. तिथे वाकून चालावं लागतं आणि उंच सॅक वरच्या कातळाला थडकते. बाजूला लटकणारी बाटली, गळ्यातला कॅमेरा, हातातली काठी, सगळं आत जाऊ द्या. खाण्याची पिशवी तर हातात नकोच. इथली माकडं पिशवी ओढतात आणि ओढाताणीत तुमचा तोल जातो. धरलीच तर सोडून द्या.

बूट नवे कोरे नकोत आणि झिजलेलेही नकोत. ॲक्शन कंपनीच्या ट्रेकिंग बुटांसारखे चांगली पकड असलेले साधे बूट पुरतात.

पाणी माणशी तीन लिटर घ्या. वरच्या तळ्याच्या भरवशावर राहू नका. पोटरीत गोळा आला की लोक नुसतं पाणी पीत सुटतात. घामातून मीठही जातं, म्हणून लिंबू-मीठ-साखरेचं पाणी किंवा ओआरएस घ्या, पायाचा चवडा आपल्याकडे ओढून पोटरी ताणा आणि थोडं बसा. पायऱ्यांवर गोळा येऊ नये म्हणून उतरण्याआधी वरच दहा मिनिटं टेका, गूळ-शेंगदाणे खा.

भर पावसात पायऱ्यांवरून पाणी वाहतं आणि शेवाळ धरलेलं असतं. त्या दिवसांत मी हरिहरला जात नाही आणि कोणाला नेतही नाही. त्याऐवजी त्र्यंबकजवळच्या पहिने गावाच्या हिरवाईत फिरा, हरिहर डिसेंबरात करा.

वाटेचं म्हणाल तर पायथ्याच्या दोन गावांतून वर जाता येतं: हर्षेवाडीची वाट कमी चालीची, निरगुडपाड्याची लांब. दोन्हीकडे ढोरवाटा फुटतात आणि धुक्यात चकवा लागतो. वाट विरळ होत गेली की पुढे रेटू नका, शेवटच्या ओळखीच्या खुणेपर्यंत मागे या. पायथ्याला ज्यांच्याकडे चहा घ्याल त्या मावशींना किंवा दादांना किती जण आहात, कधी परतणार हे सांगून ठेवा. त्यांचा नंबरही घ्या, कारण कड्याच्या आडोशाला रेंज जाते. अपघात झाला तर 112 किंवा 108 ला फोन लावाच, पण गडावर सगळ्यात आधी पोचणारी माणसं याच पाड्यांवरची असतात. हिवाळ्यात सहाच्या सुमाराला सूर्य मावळतो, म्हणून तीन वाजता गडमाथा सोडा. डोक्याला लावायची बॅटरी सॅकमध्ये ठेवा आणि घरून निघण्याआधी एकदा पेटवून बघा.