रब्बीचं पहिलं पाणी द्यायच्या आधी मोटार एकदा बघून घ्या

पाऊस उघडलाय, आता मोटार सुरू झाली की पीक निघेपर्यंत थांबायची नाही, म्हणून आत्ताच एक दिवस तिच्यासाठी काढा.

५ एचपीची मोटार फुल लोडवर ८ तास चालली की ३० युनिट तर जातातच, खरं तर जास्तच, कारण घेतलेली सगळी वीज कुठलीच मोटार कामाला लावत नाही. त्यात फूटव्हॉल्व्ह, म्हणजे विहिरीतल्या पाईपच्या तळाची पाणी परत जाऊ न देणारी झडप, ज्याला आपण फुटबॉलच म्हणतो, गळका असला की रोज सकाळी बादलीने पाईप भरत बसा, जाळीत शेवाळ आणि पालापाचोळा, लाईनला गरज नसताना चार एल्बो, आणि मग आपण म्हणतो पाणी कमी पडायला लागलं. अहो, विहिरीत पाणी आहे, वाट अडलीय! जाळी साफ करा, वॉशर बदला, काटकोनी एल्बोच्या जागी लांब बेंड टाका.

नवीन पंप घ्यायचा असेल तर शेजाऱ्याचा एचपी बघून घेऊ नका, पाणी किती खोलावरून किती उंच आणि किती लांब न्यायचंय ते मोजून घ्या. पंप १०-१५ वर्षं राहतो, चुकीचा बसवला तर तेवढी वर्षं जादा वीज, आणि ती वीज कोळशाची असेल तर तेवढा जादा धूर. विकसनशील देशात शेतीला ऊर्जा जास्त लागणारच, लागायलाच पाहिजे, मोटेवर परत जा असं कुणी सांगू नये, पण आज जे यंत्र बसवतोय त्यावर पुढचा खर्च आणि कार्बन दोन्ही ठरतंय हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

सोलर पंप चांगलाच, फक्त ऊन फुकट आहे म्हणून दिवसभर उपसा करू नका. पाणी दुप्पट खोल गेलं की तेवढंच पाणी वर काढायला साधारण दुप्पट ऊर्जा लागते.

डिझेल इंजिनवाल्यांनी एअर फिल्टर बघा. १ लिटर डिझेल जळालं की सुमारे २.७ किलो कार्बन डायऑक्साईड निघतो, आणि काळा धूर येत असेल तर डिझेल नीट जळतच नाहीये.

युरिया बनवायलाही भरपूर गॅस नाहीतर कोळसा लागतो, तेव्हा माती परीक्षण करून हप्त्याहप्त्याने द्या, एकदम फेकू नका.

दुरुस्तीआधी मीटरचं रिडिंग आणि एक वाफा भरायला लागलेली मिनिटं वहीत लिहा, दुरुस्तीनंतर त्याच वाफ्याला परत लिहा.